फोटो भिंतीवर मोठा लावायचा तर मेगापिक्सेल किती लागतात?

बंदरकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात यंदा चतुर्थीच्या दिवसांत गावाचंच छायाचित्र प्रदर्शन लावायचं ठरलंय. देवगड तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. विषय घरचेच: बंदर, रापण (किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची मासेमारी), जत्रेतला दशावतार, सड्यावरची (जांभ्या दगडाच्या पठारावरची) कातळशिल्पं म्हणजे दगडात कोरलेली चित्रं, आणि ज्यांच्या घरात जुने फोटो आहेत त्यांचे तेही. चाकरमानी याच दिवसांत गावात असतात, म्हणून पाऊस असला तरी दिवस हेच.

फोटो जमायला लागलेत. काही मोबाईलवरचे, काही जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचे, बरेचसे व्हॉट्सअॅपवरून आलेले. बहुतेक फोटो १२ बाय १८ इंच, निवडक २० बाय ३०, आणि दारातच बंदराचा एक फोटो ४ बाय ६ फुटांचा, असं डोक्यात आहे. चौकशी केली तर एका ठिकाणी सांगितलं, ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) नसेल तर फाईल घेत नाही. दुसरीकडे म्हणाले, १२ मेगापिक्सेलचा फोटो ८ बाय १२ च्या वर नेऊ नका. फ्लेक्सवाले म्हणतात काहीही द्या, होऊन जाईल. मला यामागचं गणित समजून घ्यायचंय, कारण कोणाचा फोटो मोठा लागणार आणि कोणाचा लहान, हे लोकांना कारणासकट सांगावं लागेल.

जांभा

उपक्रम फार आवडला. सविस्तर लिहितो.

मेगापिक्सेल हा आकडा बाजूला ठेवा आणि फाईलची लांबी-रुंदी बघा. मोबाईलमध्ये फोटोच्या 'तपशील'मध्ये ४०३२ × ३०२४ असं काहीतरी दिसेल. त्यांचा गुणाकार म्हणजे १ कोटी २२ लाख ठिपके, तेच १२ मेगापिक्सेल. छापताना एका इंचात यातले किती ठिपके बसवायचे एवढंच ठरवायचं असतं. इंचाला ३०० बसवले तर ४०३२ भागिले ३००, म्हणजे साडेतेरा इंचांच्या आतबाहेर, आणि दुसरी बाजू १० इंच. इंचाला २०० बसवले तर तोच फोटो २० बाय १५ होतो. १५० ला २७ बाय २०. फोटो एकच, ठिपके तेवढेच, फक्त विरळ होत जातात.

आता उलट बाजूने. १२ बाय १८ ची प्रिंट ३०० ने काढायची तर ५४०० × ३६०० ठिपके हवेत, म्हणजे १९ मेगापिक्सेलच्या थोडं वर. २०० ने काढायची तर ३६०० × २४००, जेमतेम साडेआठ मेगापिक्सेल. २० बाय ३० ला ३०० धरलं तर ९००० × ६०००, म्हणजे ५४ मेगापिक्सेल. प्रिंटच्या दोन्ही बाजू दुप्पट केल्या की ठिपके चौपट लागतात. त्यामुळे १२ चा कॅमेरा सोडून २४ चा घेतला म्हणून प्रिंट दुप्पट मोठी होत नाही, लांबी-रुंदी प्रत्येकी ४० टक्क्यांच्या आसपासच वाढते.

३०० कुठून आलं? नेत्रतपासणीत ज्याला ६/६ म्हणतात ती नजर एक कलामिनिट, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा फरक ओळखते. त्यावरून सोपं सूत्र निघतं: ३४३८ ला बघण्याच्या अंतराने (इंचात) भागा, इंचाला किती ठिपके पुरतात ते मिळतं. फूटभर अंतरावरून बघायला २८६. तेच आपलं ३००, हातात धरलेल्या फोटोचं माप. दोन फुटांवरून १४३. तीन फुटांवरून ९५. सहा फुटांवरून ४८. काहींची नजर ६/६ पेक्षा तीक्ष्ण असते, म्हणून थोडं जास्त धरावं.

तेव्हा लॅबवाले ३०० म्हणतात ते हातातल्या फोटोसाठी बरोबर आहे, आणि फ्लेक्सवाले 'होऊन जाईल' म्हणतात ते रस्त्यापलीकडून बघायच्या फलकासाठी बरोबर आहे. तुमचं प्रदर्शन या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे.

अबोली

जांभा, एक शंका. कॉम्प्युटरवर काही फाईलींमध्ये ७२ डीपीआय लिहिलेलं दिसतं, काहींत ३००. ७२ वाल्या बाद करायच्या का?

जांभा

अजिबात नाही. ती फाईलला लावलेली नुसती चिठ्ठी आहे. ६००० × ४००० ची फाईल ७२ लिहिलेली असो वा ३००, आत ठिपके तितकेच. फोटोशॉपमध्ये इमेज साईझ उघडून 'रिसॅम्पल'ची खूण काढा आणि ७२ च्या जागी २०० लिहा. इंच बदलतील, ठिपके जागचे हलणार नाहीत.

आणि प्रिंटरच्या खोक्यावरचे १४४० किंवा २८८० डीपीआय हे शाईच्या थेंबांचे आकडे. फोटोतल्या एका ठिपक्याचा रंग जुळवायला अनेक थेंब लागतात, म्हणून त्यांचा आपल्या हिशोबाशी थेट संबंध नाही.

लॅबची खिडकी

मी रत्नागिरीत प्रिंटिंगच्या धंद्यात आहे, म्हणून आमची बाजू. लॅबमधलं फोटोपेपरचं मशीन साधारण ३०० ठिपक्यांनीच छापतं. तुम्ही २०० ची फाईल दिली तर मशीन मधले ठिपके स्वतः भरून घेतं. 'फाईल घेत नाही' हे तांत्रिक कारण नसतं. नंतर गिऱ्हाईक 'फाटलेली', म्हणजे ठिपके सुटे दिसणारी, प्रिंट घेऊन परत येतं, त्याची धास्ती असते.

ती फाटण्याचं कारण दहातल्या आठ वेळा व्हॉट्सअॅप. साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला १६०० ठिपक्यांच्या आसपास आकसतो, वर दाबूनही बसवला जातो. १६०० × १२०० म्हणजे ३०० ने सव्वापाच बाय चार इंच. ओढूनताणून ६ बाय ८. मूळ फोटो १२ मेगापिक्सेलचा होता हे सांगून उपयोग नाही, आमच्या हातात आलेली फाईल २ मेगापिक्सेलचीही नसते. तेव्हा बंदरकाठ, सगळ्यांना सांगा की मूळ फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा ई-मेलने, ड्राईव्हवरून, पेनड्राईव्हवर द्या. पुढची निम्मी चिंता इथेच मिटते.

दुसरं, मापाचा आकार. मोबाईलचा फोटो ४:३, कॅमेऱ्याचा ३:२. १२ बाय १८ आणि २० बाय ३० ही दोन्ही मापं ३:२ ची. मोबाईलचा फोटो त्यात भरायचा तर वरून-खालून नववा हिस्सा कापला जाणार. कापायचं कुठे ते तुम्ही ठरवून द्या. आमच्या माणसाला दशावतारातल्या संकासुराच्या टोपीचं टोक महत्त्वाचं की पायाखालची सतरंजी, हे कसं कळणार? किंवा १२ बाय १६ मागा, मोबाईलचा फोटो त्यात पुरा बसतो.

सुरूचं बन

जांभा यांचं गणित पटलं, पण अंतराचा मुद्दा मला प्रदर्शनासाठी धोक्याचा वाटतो. सूत्र म्हणतं २० बाय ३० चा फोटो तीन-चार फुटांवरून बघतात, म्हणून १०० ठिपके पुरतात. बघणारा तीन फुटांवर थांबतो असं कोणी सांगितलं?

रापणीचा फोटो घ्या. जाळं ओढणारी तीस-चाळीस माणसं, दोन्ही दोरांवर रांगा. हा फोटो गावात लागला की पहिली गोष्ट काय होणार? लोक नाक लावून चेहरे शोधणार. 'हो आमचो बाबलो', 'ह्या कोण, वरच्या वाडीतला?' होडीवरचं नाव वाचणार. डोक्यावरच्या पाटीत कुठली मासळी आहे ते बघणार. अशा फोटोला बघण्याचं अंतर फूटभरच. त्याच भिंतीवर शेजारी कुणकेश्वरच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त असेल तर त्याच्या जवळ कोणी जाणार नाही, जवळ गेल्यावर बघण्यासारखं त्यात वेगळं काही नाही.

माझं म्हणणं एवढंच की अंतर कागदाच्या मापावरून धरू नये. फोटोत शोधण्यासारखं काय आहे, त्यावरून धरावं.

जांभा

सुरूचं बन, हा मुद्दा माझ्या सूत्रापेक्षा मोलाचा आहे. मग वाटणी अशी करता येईल. ज्यात माणसांची गर्दी, होड्यांची नावं, बाजार, मिरवणूक आहे, त्यांना इंचाला किमान २००, जमलं तर २५०-३००. २४ मेगापिक्सेलची, ६००० × ४००० ची फाईल २०० ने बरोबर ३० बाय २० होते, म्हणजे रापणीचा चांगला फोटो कॅमेऱ्यातला असेल तर मोठ्या मापाला जाईल. मोबाईलच्या १२ मेगापिक्सेलमधला असेल तर १२ बाय १६ वर थांबा, तिथे त्याला २५० मिळतात. समुद्र, आभाळ, माडांच्या रांगा, धुकं यांना १२० ते १५० पुरे.

दारातला ४ बाय ६ फुटांचा फोटो म्हणजे ७२ इंच लांबी. ६००० भागिले ७२, इंचाला ८३. तीन-साडेतीन फुटांवरून तो स्वच्छ दिसेल. १२ मेगापिक्सेलच्या फाईलमधून ५६ येतात, त्याला पाच फूट मागे उभं राहावं लागेल. दारासमोर तेवढी मोकळी जागा आहे का बघा. दारातून आत शिरणारी माणसं त्याला घासूनच जाणार असतील तर ते माप सोडून द्या आणि बंदराचा फोटो आतल्या मोठ्या भिंतीवर घ्या.

अबोली

माझ्या फोनला ५० मेगापिक्सेल आहेत. मग मी २० बाय ३० काढू शकते ना? जत्रेतले दशावताराचे फोटो त्याच फोनचे आहेत.

जांभा

दिवसाउजेडी काढलेले आणि ५० चा मोड मुद्दाम लावून काढलेले असतील तर काही प्रमाणात हो. पण आधी फाईलची लांबी-रुंदी बघा. असे फोन एरवी चार-चार ठिपके एकत्र करून १२ मेगापिक्सेलच्या आसपासची फाईल देतात, आणि रात्री तेच योग्य असतं. इतक्या लहान सेन्सरवरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपवरच्या) एकेका ठिपक्यावर रात्री उजेड पडतो तो नावाला. चौघांचा एकत्र केला की फोटोतले रवाळ दाणे कमी होतात.

शिवाय कुठल्याही नेहमीच्या कॅमेऱ्यात एका ठिपक्याला तीन रंग दिसत नाहीत. सेन्सरवर रंगीत जाळी असते, निम्मे ठिपके हिरवे, पाव तांबडे, पाव निळे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या नावाने ती ओळखली जाते, पेटंट १९७६ चं. बाकीचे रंग कॅमेरा शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतो. ५० मेगापिक्सेलच्या बऱ्याच फोनांत तर चार-चार ठिपक्यांवर एकच रंग असतो, म्हणजे अंदाज आणखी लांबचा. त्यामुळे ५० च्या फाईलमध्ये १२ च्या चौपट बारकावा कधीच नसतो.

दशावताराच्या रात्रीच्या फोटोला मी १२ बाय १६ च देईन. त्यातला जीव रंगवलेल्या चेहऱ्यात आणि हालचालीत असतो, तो त्या मापात पुरेपूर उतरतो.

आणि सगळ्यांनाच सांगतो, फोनची काच पुसा. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात खारट पाण्याचा बारीक थर काचेवर बसतो, त्यात बोटांचं तेल. सकाळी मासळीच्या लिलावाला पोचलात की आधी मऊ सुती कापडाने काच पुसायची. त्या थरामुळे जाणारा बारकावा कुठलाच मेगापिक्सेल परत देत नाही. कॅमेरावाल्यांनी एफ/१६ च्या, म्हणजे भिंगाचं तोंड फार बारीक करण्याच्या, मोहात पडू नये. एफ/१६ ला प्रकाशाच्या वाकण्याने होणारं वर्तुळ २१ मायक्रॉनच्या घरात जातं, आणि एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरच्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा ठिपका असतो ४ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे एक बिंदू अनेक ठिपक्यांवर पसरून बारकावा पुसट होतो. एफ/८ पुष्कळ.

कातळसडा

कातळशिल्पांबद्दल मी लिहितो, कारण त्यांचे फोटो मोठे छापताना फार वाईट वाटावं असं होतं: रेषाच दिसत नाहीत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, आपल्या सिंधुदुर्गातलं कुडोपी ही त्यातली ठिकाणं. कशेळीचा हत्ती १८ मीटर लांबीचा आहे. तो ६००० ठिपक्यांत पूर्ण बसवला तर एक ठिपका म्हणजे दगडावरचे ३ मिलिमीटर. दोन सेंटिमीटर रुंद रेषेला सहा-सात ठिपके मिळाले. छापायला ते पुरतात, पण रेषेचा काठ, छिन्नीचा घाव वगैरे त्यात येणार नाही.

बारकावा हवा असेल तर तुकड्यांत फोटो काढून जोडायचे. लांब काठीवर कॅमेरा अगदी खाली तोंड करून धरायचा आणि एकेक पाऊल सरकत जायचं, प्रत्येक फोटो आधीच्यावर साधारण तिसरा हिस्सा चढलेला हवा. सड्याची जमीन जवळपास सपाट असते, म्हणून जोड नीट बसतो. डोंगर किंवा माडाचं बन असं सरकून जोडता येत नाही. जोडलेली फाईल सहज १०० मेगापिक्सेलच्या पुढे जाते आणि मग २० बाय ३० ला पूर्ण ३०० मिळतात.

आणि वेळ सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर. तिरप्या उन्हात खोदलेल्या रेषेत सावली पडते. भर दुपारी काढलेला कितीही मेगापिक्सेलचा फोटो नुसता जांभा दगड दाखवतो. शिल्पावर पाणी, खडू, चुना काहीही घालायचं नाही आणि बूट घालून रेषांवर चालायचं नाही, हे तुमच्या प्रदर्शनातही एका पाटीवर लिहाच.

गजाली

आमच्या घराक आज्याचो रापणीचो फोटो आसा. पोस्टकार्डाएवढो, काळो-पांढरो. फ्रेमीत आसा पण पावसान काचेक चिकाटलो हा. तो मोठो करूक जमतला काय? काच काढूची काय?

बंदरकाठ

गजाली, तो फोटो हवाच आहे. फ्रेम उघडायच्या आधी इथल्या जाणकारांचं ऐकूया.

लॅबची खिडकी

काच अजिबात ओढू नका. फोटोचा वरचा थर काचेला चिकटतो आणि ओढला की चेहऱ्यासकट सुटून येतो. तसाच काचेतून उतरवायचा. मागची खिळे-पट्टी काढा, फोटो काचेसकट सपाट टेबलावर ठेवा, काच बाहेरून स्वच्छ करा. दोन्ही बाजूंना ४५ अंशांत सारखे दोन दिवे, खोलीतले बाकीचे बंद, कॅमेरा बरोबर वरून. म्हणजे काचेत चमक येत नाही. कॅमेऱ्याखाली काळं कापड धरलं, मधे भोक पाडून, तर कॅमेऱ्याचं प्रतिबिंबही जातं.

ज्यांचे फोटो सुटे आहेत त्यांनी फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयने स्कॅन करावं. साडेतीन बाय साडेपाच इंचांचं कार्ड २१०० × ३३०० ठिपके देतं. २०० ने छापलं तर साडेदहा बाय साडेसोळा. त्याच्यावर २४०० ने स्कॅन केलं तर फाईल अवाढव्य होते, पण जुन्या प्रिंटमध्ये तेवढं काही दडलेलं नसतं, कागदाचा पोतच मोठा होतो. निगेटिव्ह कोणाकडे असेल तर मात्र सोन्याहून पिवळं. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह ४००० डीपीआयने स्कॅन केली की साडेपाच हजारांच्या वर ठिपके मिळतात, १२ बाय १८ ला ३०० भरतात. जुने अल्बम उघडाल तेव्हा मागच्या पाकिटात हात घालून बघा, निगेटिव्ह पुष्कळदा तिथेच असतात.

अबोली

हल्ली एआयने फोटो मोठा करून देणारी अॅप आहेत. आजोबांचा रापणीचा फोटो त्यातून काढला तर?

सुरूचं बन

माझा या कामासाठी ठाम विरोध. पेजेत पाणी घातलं की पेज वाढते, शितं तेवढीच राहतात. ही अॅप वर स्वतःची शितं टाकतात. रांगेतल्या मागच्या माणसाचा चेहरा दहा-पंधरा ठिपक्यांचा असेल तर अॅप तिथे नाक, डोळे, मिशी असलेला स्वच्छ चेहरा काढून ठेवतं, पण तो त्या माणसाचा नसतो. गजालींच्या घरचे त्यात आजोबांना ओळखायला बघणार आहेत. होडीवरच्या धूसर अक्षरांचंही तेच. धूसर असलेलं धूसरच राहू द्या, ते खरं आहे.

जांभा

चेहरे आणि अक्षरांबाबत पूर्ण सहमत. सूर्यास्त, माडबन, लाटा यांना मात्र सौम्य वापर चालेल. अडोबीने २०२१ मध्ये 'कॅमेरा रॉ' या प्रोग्रॅममध्ये 'सुपर रिझोल्यूशन' आणलं, ते दोन्ही बाजू दुप्पट करतं आणि रॉ फाईलवर (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाईलवर) कडा नीट राखतं. दारातल्या मोठ्या फोटोला उपयोग होईल. जुन्या फोटोंवर नको, तिथे साधं मोठं करणंच पुरे.

बंदरकाठ

आता बरंच उलगडलं. यादी लावतोय: गर्दीचे फोटो एका बाजूला, मोकळ्या दृश्यांचे दुसऱ्या, जुने वेगळे. शेवटचे दोन प्रश्न. कागद कुठला आणि पावसात टिकणार कसं? आणि २० बाय ३० च्या प्रिंटा काढल्यावर बिघडलेलं कळण्यापेक्षा आधी तपासायची काही सोय आहे का? वर्गणीतून काम चाललंय.

लॅबची खिडकी

कागद मॅट घ्या. वाचनालयाच्या खिडकीचा उजेड चकचकीत कागदावर पडला की समोरून निम्मा फोटो दिसत नाही. सनबोर्डवर (फोमच्या हलक्या बोर्डवर) चिकटवून वर मॅट लॅमिनेशन, त्या आठवड्याला हे पुरेसं आहे आणि काचेच्या फ्रेमपेक्षा खर्चही कमी. कायमचे ठेवायचे फोटो फ्रेम कराल तेव्हा माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घालून काच आणि कागद यांच्यात फट ठेवा, नाहीतर गजालींच्या फोटोसारखं होईल. भिंत ओल धरणारी असेल तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना रबराच्या गुंड्या लावा, हवा खेळते.

बऱ्याच छोट्या लॅबमधला रोल १२ इंच रुंद असतो, त्यामुळे १२ बाय १८ जवळपास कुठेही निघेल. २० बाय ३० मोठ्या इंकजेटवर काढावी लागेल, आधी विचारून घ्या. फाईल एसआरजीबीमध्ये (रंगांच्या सर्वसाधारण पद्धतीत) द्या, आणि स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणून फोटो बघा. पूर्ण उजेडावर छान दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो, संध्याकाळचे तर हमखास.

जांभा

तपासायची सोय आहे आणि स्वस्त आहे. २० बाय ३० च्या फाईलचा सर्वांत अवघड तुकडा निवडा, रापणीत मागच्या रांगेतले चेहरे किंवा होडीवरचं नाव. २०० ठिपक्यांच्या हिशोबाने तिथला १२०० × ८०० चा तुकडा कापा आणि ६ बाय ४ इंचांच्या साध्या फोटोपेपरवर छापून घ्या. पूर्ण प्रिंटमध्ये तो भाग नेमका तेवढाच दिसणार आहे. तो भिंतीला टाचणीने लावा आणि ज्यांच्या घरचा माणूस त्यात आहे त्यांना बोलावून दाखवा. त्यांना ओळख पटली तर २० बाय ३० सांगा. नाही पटली तर १२ बाय १८ चा हिशोब धरून त्याच ठिकाणचा २००० × १३३३ चा तुकडा पुन्हा ६ बाय ४ वर छापा, म्हणजे इंचाला ३३३ येतील, आणि तो दाखवा. कातळशिल्पाला हीच चाचणी रेषेच्या काठावर करा. दारातल्या फोटोचा तुकडा मात्र हातात धरून बघू नका, लोक जिथून बघणार आहेत तिथूनच बघा.